पत्रबाईंनी गाळलेली ओळ

शाळेत सगळे त्यांना पत्रबाई म्हणत. त्यांचं खरं नाव वर्षातून एकदा, कसलातरी फॉर्म भरायच्या वेळी, कारकुनाला लागायचं, आणि तेव्हाही तो ते त्यांनाच विचारून घ्यायचा. वर्गावर त्या कधी गेल्या नाहीत, फळ्याला खडू कधी लावला नाही. तरी पाचवी ते आठवीच्या कुठल्या पोराच्या पोटात काय चाललंय हे त्या इमारतीत कुणाला ठाऊक असेल, तर ते पत्रबाईंना. पोरांची पत्रं त्यांच्या हातून जात ना!

वाचनालयाच्या मागे एक अरुंद खोली होती. तिथे टेबल, परक्या लिपीतला टाइपरायटर, टाचण्यांची डबी आणि भिंतीला लावलेले लाकडी कप्पे. प्रत्येक पत्र लिहिणाऱ्या पोराचा एक कप्पा. मधल्या सुट्टीत पोरं दारातून माना खुपसायची, "बाई, माझं आलं?" आणि बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "आलं असतं तर मी काय लोणचं घातलं असतं का त्याचं? पळ!"

शाळेचं समुद्रापलीकडच्या एका शाळेशी नातं जुळलं होतं. कसं, तेही ऐका. मुख्याध्यापक, म्हणजे आपले मोठे सर, एका शिक्षक संमेलनाला गेले आणि तिकडच्या मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं. चार दिवस नुसते हसत राहिले आणि शेवटच्या दिवशी करार करून मोकळे झाले! आपल्या पोरांनी त्यांच्या पोरांना लिहायचं, त्यांनी आपल्याला, आणि तीन वर्षांनी त्यांची बारा पोरं इकडे यायची. करार झाला, आणि मग सरांच्या लक्षात आलं की तिकडची भाषा येणारं इकडे कुणी नाही. शोधता शोधता या बाई सापडल्या.

पद्धत साधी होती. पोरानं आपल्या भाषेत पत्र लिहायचं, बाईंनी त्याचा तर्जुमा टाइप करून मूळ कागदाला टाचायचा आणि दोन्ही पाकिटात घालायचं. तिकडून पत्र आलं की तेच उलट. तिकडची पत्रंही इथेच उलगडली जायची, कारण तिकडे आपली भाषा येणारं कुणीच नव्हतं. थोडक्यात, दोन शाळांच्या मधला पूल म्हणाल तर तो या एका बाईचा होता. त्या म्हणतील ती पूर्व.

बाईंना ही भाषा यायची ती एका व्यापारी पेढीमुळे. चौदा वर्षं त्या तिथे परदेशचा पत्रव्यवहार सांभाळत होत्या. तिथल्या म्हाताऱ्या मालकानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "हे बघ पोरी, तिकडचा माणूस चिडून लिहितो, इकडचा चिडून उत्तर देतो. ती चिडकी ओळ तू मधेच गिळलीस की माल वेळेवर सुटतो." बाई गिळायला शिकल्या. भल्या भल्या भांडणांचे त्यांनी नमस्कार-चमत्कार करून टाकले, आणि पेढीचं कधी काही बिघडलं नाही.

मग त्यांचे यजमान आजारी पडले. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, वर्ष निघालं तर नशीब. बाईंनी ते पोटात ठेवलं. अकरा महिने! ते बिछान्यावर पडून म्हणायचे, पुढच्या वर्षी ही खिडकी मोठी करून घेऊ, आणि ह्या म्हणायच्या, घेऊ की. सगळे नातेवाईक म्हणाले, धन्य आहे बाईची, शेवटपर्यंत त्याला हसत ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण बाईंच्या अंगी अशी भिनली ती तेव्हा. एकच गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. शेवटच्या आठवड्यात यजमानांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघून विचारलं होतं, "तुला मला काही सांगायचंय का?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "छे, काय सांगायचंय?" यजमानांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतर फारसं बोलणं झालंच नाही.

अशा या बाईंच्या हाती पोरांची मनं आली. त्यात मोठ्या सरांनी बजावलेलं, "बाई, पत्रं आनंदाची जाऊ द्या हं. शाळेची अब्रू आहे." मग कुणी लिहिलं की बाबा रोज ओरडतात, तर तर्जुम्यात बाबा शिस्तीचे व्हायचे. कुणी लिहिलं की मला मित्रच नाहीत, तर ते पोर तर्जुम्यात वाचनाचं शौकीन व्हायचं. बाईंना वाटायचं, आपण किती जपतो पोरांना! खोटं नव्हतं ते वाटणं. म्हणूनच तर पुढचं सगळं घडलं.

सहावीत एक पोरगी होती. चणीनं एवढीशी, म्हणून सगळी शाळा तिला मुंगी म्हणायची. बाप बाजाराच्या तोंडाशी टपरीवजा खोक्यात बसून किल्ल्या बनवायचा. आई दोन वर्षांपूर्वी तापानं गेलेली. घरात बाप आणि ही. ही सकाळी उठून स्वयंपाक करायची, बापाचा डबा भरायची आणि शाळेत येऊन पहिल्या तासाला डुलक्या काढायची. तिच्या वाट्याला जी मैत्रीण आली तिचा फोटो पाहिला तर ती ताडमाड! मुंगीनं तिचं नाव ठेवलं लांबडी.

पहिल्याच पत्रात मुंगीनं लिहिलं, "माझी आई गेली. आता स्वयंपाक मी करते, पण मीठ चुकतं." बाईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला. आणि टाइप केलं, "घरी बाबा आणि मी असतो. मला स्वयंपाकाची आवड आहे." पहिल्याच भेटीत परक्या पोरीला कशाला रडवायचं, असा त्यांचा हिशेब.

दोघींचं फार जमलं. लांबडीची आई लोकरीचं विणायची. तिनं मुंगीसाठी एक लाल मफलर पाठवला, सोबत स्वतःचा फोटो, गोल चष्मा आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. मुंगी तो मफलर उकाड्यातही गळ्यात घालून यायची. "अगं, घामोळं येईल!" बाई म्हणायच्या. "येऊ दे," मुंगी म्हणायची. कुणाच्यातरी आईनं आपल्यासाठी हातानं काहीतरी केलं, याचं त्या पोरीला काय वाटत असेल, ते आईवेगळं पोरच जाणे.

आणि एक दिवस पत्र आलं. शाळेबद्दल दोन ओळी, कुत्र्याबद्दल एक, आणि मग शेवटी बारीक अक्षरात, "माझी आई मागच्या मंगळवारी वारली. मी अजून शाळेत कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतेय."

बाईंनी मुंगीच्या कप्प्याकडे पाहिलं. या पोरीची जखम आत्ता कुठे भरतेय, हिला हे कसं द्यायचं? नाहीच दिलं. तर्जुम्यात शाळा आली, कुत्रा आला, आणि ती ओळ गळली. मूळ पत्र टाचून मुंगीच्या हाती गेलं. मुंगीनं दोन्ही कागद उशाखाली ठेवले, बाईंना तसं सांगितलंही. ती ओळ रोज तिच्या डोक्याखाली होती आणि तिला वाचता येत नव्हती.

पण मेलेल्या आईबद्दल एक शब्द न लिहिता उत्तर तरी कसं धाडायचं? बाईंनी तीही तजवीज केली. मुंगीच्या पुढच्या पत्राच्या तर्जुम्यात त्यांनी पदरच्या दोन ओळी घातल्या, "तुझ्या दुःखात मी सहभागी आहे. देव तुला धीर देवो." पेढीत असतानाच्या, कुणाच्याही मरणाला चालतील अशा. बाईंना वाटलं, साप मेला आणि काठीही वाचली.

त्यांच्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. दर सहामाहीला चित्रकलेचे सर पोरांची चित्रं गुंडाळून वेगळ्या टपालानं पाठवायचे. चित्राला तर्जुमा लागत नाही, तेव्हा ती बाईंच्या खोलीतून जातच नसत. त्या खेपेला मुंगीनं चित्र काढलं होतं. फोटोतलीच गोल चष्म्याची बाई, हातात सुया, हसतेय, अर्धवट विणलेला हिरवा मफलर, आणि समोर किल्ल्यांच्या खोक्यातला मुंगीचा बाप हात पसरून उभा. म्हणजे काय, तर तुझ्या आईला सांग, आता माझ्या बाबांसाठी पण एक विणून दे.

लांबडीची पत्रं बंद झाली.

एक महिना, दोन महिने, सात महिने. मुंगी रोज यायची. आधी विचारायची, मग नुसती कप्प्यात बघायची. एकदा म्हणाली, "बाई, माझं काही चुकलं का?" बाई म्हणाल्या, "नाही गं, त्यांच्या परीक्षा असतील." सात महिने कुणाच्या परीक्षा चालतात? पण मुंगीनं मान डोलावली, कारण बाईंवर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर?

कराराप्रमाणे तिकडची बारा पोरं यायची वेळ झाली. यादीत लांबडीचं नाव होतं. मुंगीच्या बापानं घराला रंग दिला, एक कॉट मागून आणली, दाराला नवं कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या केल्या, एक पाहुणीसाठी. फाटकापाशी मुंगी, बाईंनी तिकडच्या लिपीत लांबडीचं नाव लिहून दिलेली पाटी धरून उभी होती. पोरं गाडीतून उतरली. लांबडी उतरली, पाटी वाचली, मुंगीकडे एकदा नीट पाहिलं आणि बाजूनं चालत पुढे गेली. आपल्या शिक्षिकेला तिनं काहीतरी सांगितलं. शिक्षिकेनं बाईंना सांगितलं की मुलीला दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.

संध्याकाळी किल्लीवाला बाईंच्या दारात आला. आत या म्हटलं तरी आला नाही. "बाई, पाहुणी आमच्याकडे नको तर नको. आमचं घर लहान आहे, मान्य. पण पोरीनं जेवण सोडलंय. आमच्या पोरीचं काय चुकलं, एवढं त्या मुलीला विचारा. तुमच्याशिवाय कोण विचारणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी दोघींना वाचनालयात बोलावलं. मधे लांब टेबल. एकीकडे मुंगी, एकीकडे लांबडी, मधे बाई. बाईंनी तिकडच्या भाषेत हळूच विचारलं. लांबडीनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. ते चित्र बाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

"मी हिला माझी आई गेली म्हणून लिहिलं," लांबडी म्हणाली. "हिनं मला कार्डावर छापतात तशा दोन ओळी पाठवल्या. आणि मग हे. माझी आई हसतेय, हिच्या बापासाठी विणतेय. विचारा हिला, माझ्या आईची थट्टा का केली?"

"काय म्हणाली?" मुंगी म्हणाली. तिचे डोळे बाईंच्या तोंडावर खिळलेले.

आता खरं सांगायचं तर, त्या घटकेलाही बाईंच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. प्रवासानं दमलीय गं, लाजतेय जरा. इतकं सोपं होतं! दोघींनाही पटलं असतं. लांबडीलाही काहीतरी गोड सांगता आलं असतं. दहा दिवसांत पाहुणे परत गेले असते आणि कुणाला काही कळलं नसतं. बाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना दिसलं की ही पोरगी आपल्याकडे कशी बघतेय. असं त्यांच्याकडे पूर्वी एकदाच, बिछान्यावरून, कुणीतरी पाहिलं होतं.

"ती म्हणाली, तिची आई वारली," बाई म्हणाल्या. "तू हे चित्र काढलंस त्याच्या आधी."

मुंगीनं विचारलं, "मग तिनं मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. तुझ्या उशाखालच्या पत्रात आहे, शेवटची ओळ. ती मी गाळली." "तुझ्या पहिल्या पत्रातली तुझ्या आईची ओळही मीच गाळली. आणि तिला धीराच्या दोन ओळी तुझ्या नावानं मीच लिहिल्या." मग त्या लांबडीकडे वळल्या आणि हेच सगळं, एक शब्द न वगळता, तिच्या भाषेत सांगितलं. आयुष्यात कुठलाही तर्जुमा त्यांना इतका जड गेला नव्हता.

लांबडीनं चित्राकडे पाहिलं, मग मुंगीकडे. "हिलाही आई नाही?"

"नाही."

मुंगी रडेल असं बाईंना वाटलं होतं. ती रडली नाही, चिडली. "बाई, मला गणित येत नाही, भूगोल येत नाही. पण हे मला येत होतं ना! पहिल्या महिन्यात कुणी काही विचारलं तर राग येतो, आणि नाही विचारलं तरी राग येतो, हे मला माहीत होतं. मी लिहिलं असतं. तिनं फक्त मला सांगितलं होतं, आणि मी तिच्याकडे माझ्या बाबांसाठी मफलर मागितला!"

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे बाईंनी शंभरदा ऐकलं होतं. ज्या पोरीला बाई दुःखापासून वाचवायला गेल्या, त्याच दुःखात पडलेल्या दुसरीला हात देऊ शकणारी अख्ख्या शाळेत तीच एक होती.

"बाई, तुम्ही बाहेर जा," मुंगी म्हणाली.

"अगं, पण मी गेले तर तुम्हाला एकमेकींचं कळणार कसं?"

"आत्तापर्यंत कुठं कळत होतं?"

बाई उठल्या आणि बाहेर गेल्या. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतून रडण्याचा आवाज आला, एकीचा की दोघींचा ते कळेना. मोठे सर समोरून आले, त्यांना बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सर हबकले. "बरं, झालं ते झालं. पाहुण्यांच्या कानावर जाता कामा नये."

"पाहुण्यांना मीच सांगितलंय," बाई म्हणाल्या. "आणि सर, इथून पुढे पोरं लिहितील तसंच जाईल. चालणार नसेल तर दुसरं माणूस बघा." दुसरं माणूस कुठून आणणार? सर ऑफिसकडे वळले. बाईंनी पोरांनाही हेच सांगून टाकलं.

उरलेले आठ दिवस लांबडी किल्लीवाल्याच्या घरी राहिली. हातवारे करत, चित्रं काढत, हसत आणि रुसत दोघी काय बोलल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक. बाईंना कुणी बोलावलं नाही. गाडी सुटताना मुंगी हुंदके देत परत फिरली, बाईंच्या अंगावरून गेली आणि थांबली नाही. बाईंना फार लागलं ते. पण लागायलाच हवं होतं, असंही त्या स्वतःशी म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी मुंगीनं खोलीत येऊन एक पत्र टेबलावर ठेवलं आणि न बोलता निघून गेली. बाईंनी उघडलं. "लांबडीस. आमच्या बाई खोटारड्या आहेत. आता सगळं खरं टाइप करीन म्हणतात, पण माझा विश्वास नाही. म्हणून ही परीक्षा आहे. ही ओळ तुला मिळाली तर पुढच्या पत्राच्या कोपऱ्यात तीन कानांचं मांजर काढ. तीन कानांचं मांजर कुणी आपणहून काढत नाही."

खोटारड्या! त्या भाषेत या शब्दासाठी एक मऊ शब्द होता आणि एक खरखरीत. बाईंनी खरखरीत टाइप केला. डोळे पुसत टाइप केला, पण केला.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. परीक्षेचा निकाल बघावा तशी बाईंची नजर आधी कोपऱ्यात गेली. मांजर होतं. तिसरा कान जरा वाकडा होता. बाईंनी तर्जुमा केलाच नाही, तसाच कागद घेऊन त्या मधल्या सुट्टीत मुंगीच्या वर्गात गेल्या, आजवर कधी वर्गात गेल्या नव्हत्या त्या, आणि तिच्यापुढे धरला.

मुंगीनं मांजर पाहिलं. हसली नाही. बाकावर थोडी सरकली. "वाचा," म्हणाली.

बाई शेजारी बसून वाचू लागल्या. "आज मी आईचे कपडे कपाटातून काढले. तिचा वास अजून आहे." बाई थांबल्या नाहीत. "तुझ्या नावानं आलेल्या त्या दोन ओळी मी आईच्या फोटोशेजारी ठेवल्या होत्या. तुझ्या नाहीत हे कळल्यावर फाडून टाकल्या. आता ती जागा रिकामी आहे. तुला येईल तसं काहीतरी पाठव."

मुंगीनं वहीचं पान फाडलं, पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि बाईंच्या हातात दिलं. "हे टाइप करा. एवढंच."

बाई खोलीत आल्या, टाइपरायटरला कागद लावला. पानावर लिहिलं होतं, "पहिलं वर्ष फार वाईट जातं. दुसरं पण जातं, पण थोडं कमी." बाईंनी दोन्ही वाक्यं टाइप केली. त्यापुढे, मग हळूहळू बरं वाटू लागतं, असं लिहावं असं त्यांना फार, फार वाटलं. बोटं कळांवर तशीच राहिली. त्यांनी ते लिहिलं नाही. कागद ओढून काढला, पोरीच्या पानाला टाचला आणि पाकीट बंद केलं.